घाटाखालचा मसला, घाटावरचा मसला

मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या जाळ्यात व्हिस्की-ब्रँडीबरोबर ओ-द-कोलोन, लव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोल असलेली औषधंही सापडली. मद्याची व्याख्याच इतकी ऐसपैस होती की अल्कोहोल असलेला जवळजवळ कोणताही द्रव तिच्यात बसावा. एफ. एन. बलसारा या मुंबईच्या नागरिकाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २५ मे १९५१ रोजी न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांनी निकाल दिला. पिण्याच्या दारूवरची बंदी बहुतांशी कायम राहिली. औषधं आणि प्रसाधनं बाळगण्यावर, वापरण्यावर आणि विकण्यावर घातलेली बंदी मात्र अवाजवी ठरली. पुढे त्याच कायद्यात २४-अ हे कलम आलं आणि अशा वस्तूंना रीतसर सूट मिळाली.

सरकारला दारू नको होती, पण खोकल्याचं औषध नको असण्याचं कारण नव्हतं. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदातही मादक पेयांच्या बंदीची दिशा सांगताना औषधी वापर वगळलेला आहे. पिण्याची दारू आणि अल्कोहोल असलेली वस्तू यांच्यामध्ये रेघ मारायची कुठे, हा तो पेच. मुस्लिम धर्मशास्त्राचे पंडित त्याच्याशी बाराशे वर्षांहून अधिक काळ झगडत आले आहेत. त्यांनी एक नव्हे, अनेक रेघा मारल्या. त्यांतल्या दोन रेघा सिंधुदुर्गात एकमेकींच्या अगदी जवळ येतात.

तळेरे हे कणकवली तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं नाक्याचं गाव. इथून एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे, समुद्राकडे जातो. दुसरा पूर्वेला वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला पोचतो. उत्तरेला थोड्याच अंतरावर खारेपाटण. अशा नाक्यावरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात सॅनिटायझर, खोकल्याचं सिरप, दशमूलारिष्ट, होमिओपॅथीचा अर्क आणि सेंटचा स्प्रे एकाच भिंतीवर मिळेल. पलीकडच्या किराणा दुकानात व्हिनेगर आणि सोया सॉस. नमाज पढणाऱ्या माणसाला या प्रत्येक बाटलीबद्दल मसला पडू शकतो, म्हणजे मौलानांना विचारण्याजोगा धार्मिक प्रश्न. आणि तो कोकणातल्या जमातीचा आहे की घाटावरचा, यावर त्याला मिळणारं उत्तर बदलू शकतं.

याचं कारण इतिहासात आहे. दख्खनच्या पठारावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी, म्हणजे इमाम अबू हनिफांच्या धर्मकायद्याच्या पंथाचे आहेत. मध्य आशियातून खुष्कीच्या मार्गाने आलेल्या राजवटींबरोबर ती परंपरा भारतात पसरली. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान मात्र बहुतांशी शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या पंथाचे आहेत. त्यांची परंपरा गलबतांतून आली, येमेन आणि अरबस्तानच्या व्यापाऱ्यांबरोबर. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात माहीमला मखदूम अली माहिमी होऊन गेले. कुराणावर अरबीत मोठं भाष्य लिहिणारे हे कोकणचे विद्वान शाफईच होते. दक्षिणेला भटकळचे नवायत आणि केरळचे मापिळा याच माळेतले. केरळातल्या पोन्नानीच्या झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकात लिहिलेला 'फतहुल मुईन' हा शाफई कायद्याचा ग्रंथ आजही मदरशांत शिकवला जातो. भटकळची जामिया इस्लामिया किंवा रायगडमधली श्रीवर्धनची जामिया हुसैनिया इथे शिकलेला मौलाना जेव्हा दारूविषयीचा मसला सांगतो, तेव्हा त्याच्या मागे ही समुद्रावरची परंपरा उभी असते.

अल-मसूदीच्या आधीचा आणखी एक अरबी वृत्तांत आहे, इसवी सन ८५१चा. हिंदुस्थानातले लोक दारू पीत नाहीत आणि सिरकाही, म्हणजे व्हिनेगरही, खात नाहीत, कारण तो दारूपासून होतो, असं त्यात नोंदलेलं आहे. अरब व्यापाऱ्याला याचं नवल वाटलं असणार. त्याच्या धर्मात दारू निषिद्ध होती, पण सिरका पैगंबरांना आवडणारं तोंडीलावणं होतं.

पिण्याच्या बाबतीत वाद नाही, हे आधी सांगून टाकायला हवं. कुराणात हा विषय टप्प्याटप्प्याने येतो. एके ठिकाणी खजूर आणि द्राक्षांपासून माणूस नशेची वस्तूही करतो आणि चांगलं अन्नही, एवढाच उल्लेख आहे. दुसऱ्या अध्यायात दारू आणि जुगारात काही लाभ असले तरी पाप मोठं, असा तोल मांडला आहे. चौथ्या अध्यायात नशेत नमाजाला उभं राहायला मनाई आहे आणि पाचव्यात दारू आणि जुगार या दोन्हींपासून दूर राहण्याची स्पष्ट आज्ञा. ही आज्ञा मदिनेत पुकारली गेली त्या वेळी अनस नावाचा तरुण अबू तल्हा यांच्या घरी पाहुण्यांना पेय वाढत होता. ते पेय कच्च्या खजुराचं होतं. पुकारा ऐकताच ते ओतून देण्यात आलं आणि गावातल्या गल्ल्यांतून दारू वाहिली, असं हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, ग्रंथांत नोंदलेलं आहे.

त्या दिवशी ओतलं गेलेलं पेय खजुराचं होतं, द्राक्षांचं नव्हतं, हा तपशील पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

इराकमधल्या कुफा शहरात आठव्या शतकात इमाम अबू हनिफा शिकवत होते. त्यांनी आणि त्यांचे शिष्य अबू युसूफ यांनी कुराणातल्या दारूसाठीच्या शब्दाचा काटेकोर अर्थ लावला. कच्च्या द्राक्षरसाला आपोआप उकळी फुटून, फेस येऊन जी तयार होते तीच मूळ निषिद्ध दारू. तिचा थेंबही हराम आणि थेंबही नापाक. मध, गहू, बार्ली यांच्यापासून केलेली पेयं त्यांनी वेगळ्या खान्यात ठेवली. नशा येईल इतकी ती पिणं हराम, पण त्या द्रवाला द्राक्षाच्या दारूचे सगळे नियम लागू होत नाहीत. अबू हनिफांचे दुसरे शिष्य इमाम मुहम्मद यांना हे पटलं नाही. जे जास्त प्यायल्याने नशा येते ते थोडंही हराम, हे पैगंबरांचं वचन त्यांनी प्रमाण मानलं. पुढच्या हनफी पंडितांनी पिण्याच्या बाबतीत इमाम मुहम्मद यांचीच बाजू उचलली. त्यामुळे आज कोणताही हनफी मुफ्ती, म्हणजे फतवा देणारा पंडित, बिअरला किंवा व्होडकाला सूट देत नाही. गुरूंची काटेकोर व्याख्या मात्र पुसली गेली नाही. ती औषधांच्या आणि अत्तरांच्या प्रश्नात, हजारभर वर्षांनी, फार उपयोगी पडली.

इमाम शाफई यांचा मृत्यू ८२० साली इजिप्तमध्ये झाला. त्यांच्या परंपरेने अशी विभागणी मुळातच नाकारली. नशा आणणारा प्रत्येक द्रव, मग तो द्राक्षाचा असो, खजुराचा, तांदळाचा की माडाचा, दारूच आहे. तो हरामही आहे आणि नापाकही.

हराम आणि नापाक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय बाटल्यांचा प्रश्न कळत नाही. हराम म्हणजे जे करू नये, खाऊ-पिऊ नये. नापाक म्हणजे जे अंगाला किंवा कपड्याला लागलं तर धुतल्याशिवाय नमाज होत नाही. शाफई ग्रंथांत याचं नेमकं उदाहरण सापडतं: भांग किंवा अफूसारखे घन पदार्थ नशेसाठी खाणं हराम, पण ते नापाक नाहीत. खिशात भांगेची पानं असली म्हणून कपडा बाटत नाही. दारूचा शिंतोडा पडला तर बाटतो. म्हणून शाफई माणसाला सेंटच्या बाटलीची जी धास्ती वाटते ती पिण्याची नसते. अंगावर फवारलेल्या द्रवामुळे जुम्याचा नमाज तर बिघडणार नाही ना, अशी ती असते. बाहेरून बघणाऱ्याला हा कीस काढणं वाटेल. पण ज्या माणसाला दिवसातून पाच वेळा शुद्ध होऊन उभं राहायचं आहे, त्याच्यासाठी हा रोजचा, व्यवहाराचा प्रश्न आहे आणि तो आदराने ऐकला जायला हवा.

मशिदीबाहेर अत्तराच्या कुप्या विकल्या जातात त्यामागे हेही एक कारण आहे. कन्नौजमध्ये देग-भपक्याच्या जुन्या पद्धतीने काढलेलं अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यात अल्कोहोल लागत नाही. कारखान्यातल्या स्प्रेचा बहुतेक भाग मात्र इथेनॉलचाच असतो.

हे इथेनॉल येतं कुठून, या प्रश्नासाठी करूळ घाट चढून जावं. वर पोचलं की गगनबावडा तालुक्यातच डी. वाय. पाटील सहकारी साखर कारखाना आहे आणि तिथून कोल्हापूरपर्यंत उसाचा मुलूख. भारतातलं औद्योगिक अल्कोहोल मुख्यतः उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून आणि धान्यापासून बनतं. २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत देशाची मजल गेली, तेही याच मार्गाने. द्राक्ष किंवा खजूर यांचा त्यात जवळपास संबंध नसतो. घाटावरच्या हनफी मुफ्तीला अबू हनिफांची जुनी व्याख्या इथे हाताशी येते. मळीचं अल्कोहोल द्राक्षाची दारू नव्हे. ते पिऊ नये, पण सेंटमधून अंगावर आलं तर कपडा नापाक होत नाही. देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती साधारण असं सांगतात आणि पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी यांनी याच धर्तीवर सविस्तर लिहिलं आहे. सगळे हनफी मात्र इथे एकमताचे नाहीत. बरेलवी परंपरेतले अनेक मुफ्ती इमाम मुहम्मद यांचं मत नापाकीलाही लावतात आणि स्पिरिट कशाचंही असलं तरी टाळायला सांगतात.

घाटाखालच्या शाफई मौलानाला ती पळवाट नाही. द्रव नशा आणणारा असेल तर मळी आणि द्राक्ष यांत त्याच्या लेखी फरक नाही. त्याला दुसरीकडून यावं लागतं. त्यासाठी एक दार त्याच्याच परंपरेत आहे. अत्तरं आणि औषधं टिकावीत, नीट बनावीत म्हणून जे नापाक द्रव त्यांत आवश्यक तेवढेच मिसळलेले असतात ते माफ आहेत, असं शाफई मत विसाव्या शतकातले इजिप्तचे विद्वान अब्दुर्रहमान अल-जझीरी यांनी चार सुन्नी पंथांच्या कायद्यावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे. दुसरं दार आधुनिक आहे आणि ते मलेशियात उघडलं. मलेशियाही शाफई देश. तिथल्या राष्ट्रीय फतवा समितीने २०११ साली ठरवलं, की प्रत्येक दारूत अल्कोहोल असतं, पण प्रत्येक अल्कोहोल दारू नसतं. दारू गाळण्याच्या प्रक्रियेतून न आलेलं अल्कोहोल पिणं हराम, कारण ते विषारी आहे. पण ते नापाक नाही. त्यामुळे तशा अल्कोहोलची अत्तरं आणि औषधं चालतात. स्रोत द्राक्षाचा की उसाचा, यावर हनफी उत्तर उभं आहे. अल्कोहोल दारू गाळण्याच्या प्रक्रियेतून आलं की नाही, यावर मलेशियाचं. दोन वेगळ्या वाटांनी दोघं बरेचदा एकाच ठिकाणी पोचतात, हे या शास्त्राचं सामर्थ्य म्हणायला हवं.

बाटलीवरची नावं वाचताना रसायनशास्त्राचं थोडं भान ठेवलं तर निम्मी भीती तिथेच ओसरते. अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. कोल्ड क्रीमवर लिहिलेलं सेटिल किंवा स्टिअरिल अल्कोहोल हा मेणासारखा पदार्थ असतो, त्याने कुणाला नशा येत नाही. ग्लिसरीन आणि सॉर्बिटॉलही याच कुळातले. दवाखान्यात सुई टोचण्याआधी पुसतात ते बहुधा आयसोप्रोपिल. ते पिण्याचं नव्हेच. मसला पडतो तो मुख्यतः इथेनॉलचा.

कोविडच्या काळात हा सगळा पुस्तकी वाद दारात येऊन उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या सॅनिटायझरमध्ये ऐंशी टक्के इथेनॉल किंवा पंचाहत्तर टक्के आयसोप्रोपिल असतं. जून २०२०मध्ये देशाच्या अनेक भागांत प्रार्थनास्थळं उघडली, तेव्हा बरेलीच्या मुफ्तींनी मशिदीत अल्कोहोलचा सॅनिटायझर वापरू नये, साबण वापरावा, असं सांगितलं. त्याच आठवड्यांत भोपाळमधल्या एका देवळाच्या पुजाऱ्यांनीही अल्कोहोल आहे म्हणून सॅनिटायझरला आक्षेप घेतल्याच्या बातम्या आल्या. दुसरीकडे मक्केच्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह, म्हणजे धर्मकायद्याच्या, परिषदेने जानेवारी २००२मध्येच निर्णय देऊन ठेवला होता: जखम निर्जंतुक करायला, जंतू मारायला आणि बाहेरून लावायच्या मलमांत अल्कोहोल वापरायला हरकत नाही. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला उघडली. तोवर वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, घरूनच करून यावं, साबणाने हात धुवावेत, ही रीत रुळलेली होती. साबण आणि पाणी असल्यावर वादाला जागाच उरत नाही.

औषधाच्या बाबतीत शास्त्र काय सांगतं हे विशेष काळजीने समजून घ्यावं लागतं, कारण इथे गैरसमज जिवावर बेतू शकतो. निखळ दारू औषध म्हणून घेता येईल का, असं पैगंबरांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी नकार दिला होता. त्यामुळे सर्दीला दोन चमचे ब्रँडी हा आपल्याकडचा घरगुती उपाय चारही पंथांत नामंजूर होतो. पण अल्कोहोल औषधात विरून गेलेलं असेल, बिनअल्कोहोलचा तितकाच गुणकारी पर्याय नसेल आणि जाणता डॉक्टर सांगत असेल, तर शाफई ग्रंथ ते औषध घ्यायला मोकळीक देतात. २००२च्या त्याच परिषदेने औषधनिर्मितीला लागणाऱ्या अल्प प्रमाणातल्या अल्कोहोलला, दुसरा पर्याय नसेल तिथे, मान्यता दिली. जीव वाचवायचा असेल तर शास्त्र याच्याही पुढे जातं. घशात घास अडकून प्राण कंठाशी आले आणि जवळ दारूशिवाय दुसरं काही नसेल, तर तिच्या घोटाने घास उतरवावा, असं शाफई ग्रंथ सांगतात. म्हणून डॉक्टरने दिलेली बाटली कुणी केवळ धास्तीने कोनाड्यात ठेवून देत असेल, तर त्याला त्याच्याच शास्त्राची ही बाजू कुणीतरी शांतपणे सांगायला हवी.

आयुर्वेदाची आसवं आणि अरिष्टं हा आणखी नाजूक प्रकार. दशमूलारिष्ट किंवा द्राक्षासव यांत अल्कोहोल बाहेरून घालत नाहीत, ते आंबवताना आपोआप तयार होतं आणि बाटलीवर तसं छापलेलं असतं. प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के, म्हणजे बिअरच्या बरोबरीचं किंवा जास्त. चमचाभराने नशा येत नाही हे खरं, पण बाटलीभराने येऊ शकते. 'जास्त नशा आणतं ते थोडंही वर्ज्य' हा नियम इथे लागू पडतो. द्राक्षासव तर द्राक्षांचंच, त्यामुळे घाटावरच्या हनफीलाही अबू हनिफांच्या व्याख्येचा आडोसा राहत नाही. बाळंतिणीला दशमूल द्यायचंच असेल तर काढा करून देता येतो, तेच औषध आंबवल्याशिवाय. होमिओपॅथीच्या मूळ अर्कात अल्कोहोल बरंच जास्त असतं. भारताच्या औषध नियमांनीही बारा टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली होमिओपॅथीची औषधं किरकोळ विक्रीत तीस मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकायला मनाई केली आहे, ती लोक पिऊ नयेत म्हणूनच. साखरेच्या गोळ्यांवर घातलेला अर्क बहुतांशी उडून जातो, आणि अनेक मुफ्ती गोळ्यांना हरकत घेत नाहीत.

या विषयाचा सगळ्यात रंजक भाग मात्र स्वयंपाकघरात आहे.

आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हा त्यात अल्कोहोलचा अंश तयार होतो. पावात होतो, पिकलेल्या केळ्यात असतो. २०२५ साली केरळात पंडलमच्या एसटी आगारात पिका फणस खाल्लेले चालक श्वासचाचणीत 'प्यायलेले' ठरले होते. फणसाच्या दिवसांत कोकणात हे कुणालाही सहज पटेल. तरी आंबोळी किंवा फणस हराम आहे असं कोणताही मुफ्ती म्हणत नाही. आंबोळ्या कितीही खाल्ल्या तरी नशा येत नाही, आणि जे जास्तीनेही नशा आणत नाही त्याचा थोडा अंश वर्ज्य ठरवण्याचं कारणच उरत नाही. तोच नियम, उलट्या बाजूने.

माडाचा रस हा याहून बारीक प्रश्न. पहाटे माडावरून उतरवलेली ताजी नीरा गोड असते, तिला नशा नसते. मडक्याला आतून चुना लावतात तो ती आंबू नये म्हणून. ऊन चढू लागलं की ती आंबते आणि माडी होते. पैगंबरांसाठी खजूर पाण्यात भिजवून ठेवत आणि ते पाणी फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत पीत, नंतर टाकून देत, अशी हदीस आहे. नीरेला तोच न्याय: नशा चढायच्या आत ती हलाल आहे, नंतर नाही. राज्याचा कायदाही नीरा आणि माडी यांत फरक करतो, आणि परवान्याशिवाय नीराही विकू देत नाही.

कोकणी मुसलमानांच्या घरी पाहुण्यांसाठी सांदणं होतात, तांदळाचं पीठ आंबवून वाफवलेली, पांढरीशुभ्र. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतली सान्नं त्यांची सख्खी बहीण शोभतील, पण ती परंपरेने माडीने आंबवतात. शाफई ग्रंथांत हा मसला थेट सापडतो. दारूत मळलेल्या कणकेची भाकरी भाजताना दारू आगीत उडून गेली, तर ती खाणाऱ्याला दारू पिण्याची शिक्षा नाही. पण भाकरी नापाकच राहते. त्यामुळे माडीने फुगवलेलं सान्न शाफई पाहुण्याला चालणार नाही आणि यीस्टने फुगवलेलं सांदण बिनघोर चालेल. दोन्हींत शेवटी उरणाऱ्या अल्कोहोलचं प्रमाण प्रयोगशाळेत सारखं आलं तरी उत्तर बदलत नाही. शास्त्र इथे मोजमाप बघत नाही, आत काय घातलं ते बघतं.

सिरक्याच्या बाबतीत घाटाखालचा आणि घाटावरचा मसला पुन्हा वेगळा होतो. दारू उघडी राहिली की हवेतले जंतू तिचं आम्ल करतात. आपोआप सिरका झाला तर तो सगळ्यांना पाक. पण मुद्दाम काही घालून केला तर? अनाथांच्या मालकीच्या दारूचा सिरका करू का, असं अबू तल्हा यांनी विचारलं तेव्हा पैगंबरांनी मनाई केली होती. त्यावरून शाफई पंडित म्हणतात, की दारूत कांदा किंवा गरम भाकरीचा तुकडा टाकून सिरका केला तर तो नापाकच राहतो. दारूचं भांडं उन्हातून सावलीत हलवलं, एवढंच केलं असेल तर चालतं. हनफी म्हणतात, पदार्थच बदलला, मग तो कसा बदलला हे कशाला विचारायचं? महामार्गावरच्या चायनीजच्या गाड्यांवर मिळणारा स्वस्त सिरका बहुधा कारखान्यातल्या ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेला असतो, आणि त्याला हा प्रश्नच लागू होत नाही. आंबवून केलेल्या खऱ्या सोया सॉसमध्ये मात्र एक-दोन टक्के अल्कोहोल असू शकतं. आंबोळी आणि दारू यांच्या मधल्या या जागेवर अजून एकमत झालेलं नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ साली आकडाच ठरवून टाकला: आंबवलेल्या पेयात अर्धा टक्का किंवा जास्त इथेनॉल असेल तर ते दारूत मोडेल. पण सॉस हे पेय नव्हे, त्यामुळे तिथेही त्याचा विचार वेगळा करावा लागतो.

हे सगळं भारतात मानायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. १९३७च्या शरियत कायद्यात विवाह, वारसा यांसारखे विषय येतात, खाणंपिणं येत नाही. फतवा कुणावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे तळेऱ्याच्या दुकानात बाटली उचलणाऱ्याला अडवणारं फक्त त्याचं मन असतं. ते मन समाधानी व्हावं म्हणून तो विचारतो. त्याला धाक नको असतो, माहिती हवी असते.

सिंधुदुर्गात आज सर्वांत अवघड मसला बाटलीचा नाही, रोजगाराचा आहे. दारू पिणाऱ्याबरोबर ती गाळणारा, वाहून नेणारा, पाजणारा, विकणारा आणि तिच्या पैशावर जगणारा यांनाही दोषी धरणारी हदीस प्रसिद्ध आहे. पूर्वी कोकणी मुसलमान बोटींवर नोकरी करत, तेव्हा कामांची विभागणी अशी असे की डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. त्यामुळे ग्लास भरण्याची वेळ कोकणी खलाशावर क्वचितच येई. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावर हॉटेलं वाढली आणि त्यांतल्या अनेकांत परमिट रूम आहे. आखातातून परतलेल्या स्वयंपाक्याला, हिशेबनिसाला किंवा चालकाला तिथे नोकरी मिळते. दारू वाढायचं किंवा विकायचं काम कोणताही मुफ्ती मान्य करत नाही. भाड्याने दारूचं ओझं वाहून नेण्याच्या मजुरीला अबू हनिफांनी हरकत घेतली नव्हती, त्यांच्या दोन्ही शिष्यांना ती पसंत नव्हती, आणि शाफईंनी ती नाकारली. स्वयंपाकघर, साफसफाई, हिशेब अशी दारूशी थेट संबंध नसलेली कामं आजचे अनेक विद्वान चालवून घेतात, चांगली नोकरी मिळेपर्यंत. पण लहान हॉटेलात कामं अशी वेगळी ठेवता येत नाहीत. गर्दीच्या दिवशी स्वयंपाक्यालाही टेबलावर जावं लागतं. कामावर लागतानाच मालकाशी हे बोलून घ्यावं, इतकंच मौलाना सांगू शकतात. मे महिन्याच्या आणि डिसेंबरच्या हंगामात कितीजणांना तसं बोलता येतं, हे त्या त्या हॉटेलच्या मालकावर अवलंबून राहतं.